पाठ नसलेली टेकडी

आमच्या लहानपणी दिवाळीचा किल्ला भिंतीला टेकून असायचा. नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या घराचं अंगण जेमतेम, त्यात तुळशीवृंदावन, शेजाऱ्यांची सायकल आणि एका कोपऱ्यात आमचा किल्ला. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीपायी नागपूरला आले आणि किल्ल्याचं वेड सोबत घेऊन आले. विटा रचायच्या, त्यावर ओलं पोतं टाकायचं, पोत्यावर चिखल थापायचा. वसुबारसेच्या आठवडाभर आधी मोहरी पेरली की भाऊबीजेला उतार हिरवेगार व्हायचे. समोरून बघणाऱ्याला तो राजगड वाटे. मागे भिंत होती, म्हणून मागची बाजू कुणी केलीच नाही. मावळेसुद्धा सगळे पुढे तोंड करून उभे असत.

चाळीसेक वर्षांनी मी पुन्हा टेकडी करायला बसले तेव्हा पहिला अडसर हाच आला. ही टेकडी टेबलाच्या मधोमध बसणार होती आणि चार जण चार बाजूंनी तिच्याकडे बघणार होते. तिला पाठ असून चालणार नव्हतं.

झालं असं, की माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र रविवारी टेबलावर लढाया खेळतात. २८ मिलिमीटर उंचीचे रंगवलेले शिपाई, फासे, मोजपट्टी. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट यात नसतो, सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर जमीनच मांडलेली असते. शिपाई किती इंच चालला ते पट्टीने मोजायचं, टेकडीआडचा शत्रू त्याला दिसतो की नाही ते डोळा टेबलालगत नेऊन बघायचं. जमीन म्हणून ही मुलं चादरीखाली पुस्तकं सरकवत होती. शिपाई कलंडायचे, वाद व्हायचे. एके दिवशी भाचा म्हणाला, "आत्या, तू भूगोल शिकवतेस नं? मग आम्हाले बर्डीची टेकडी करून दे. सीताबर्डीची लढाई खेळायची आहे." बर्डी म्हणजे आमच्या नागपुरातली सीताबर्डी; १८१७ साली तिथे भोसले आणि इंग्रज लढले.

मी बावीस वर्षं नववी-दहावीला भूगोल शिकवते आहे. समोच्च रेषा फळ्यावर किती वेळा काढल्या असतील, हिशेब नाही. एकमेकींत बसलेली वाकडीतिकडी वर्तुळं काढायची, जवळजवळ असतील तर चढ उभा, दूर असतील तर सौम्य. मुलं ते पाठ करतात, पाच गुण मिळवतात. मीही ते तसंच, पाठ केल्यासारखं शिकवत होते हे मला कळलं ते निळा फोम हातात घेतल्यावर.

हा फोम म्हणजे आपला पांढरा, दाणेदार थर्मोकोल नाही. छतावर ऊन अडवायला किंवा शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो घट्ट बोर्ड. १२५० बाय ६०० मिलिमीटरचा तावदानाएवढा पत्रा आणि जाडी २५ मिलिमीटर. थर्मोकोल कापला की त्याचे दाणे घरभर उडतात. हा लोण्यासारखा कापला जातो आणि कापलेली कड जशी हवी तशी राहते. एका पत्र्यातून जवळपास दोन फुटांचे दोन चौकोन निघतात. त्या चौकोनावर मी नकाशातली बाहेरची रेषा काढली, कापली. तिच्यावर आतली रेषा, मग त्याच्या आतली. थर एकावर एक ठेवले आणि समोर टेकडी उभी राहिली. प्रत्येक थराची कड म्हणजे एक समोच्च रेषा. वर्गात हे कधीच का केलं नाही, असं वाटून त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या सोमवारी मी फोमचे तुकडे दप्तरात घालून शाळेत नेले. ते वेगळं सांगेन कधी.

अख्खी टेकडी एका तुकड्यात करण्यात अर्थ नव्हता. सहा फुटांची टेकडी ठेवायची कुठे, जिन्यावरून न्यायची कशी? शिवाय आज सीताबर्डी, उद्या दुसरंच काही. म्हणून तुकडे करायचे, दोन फूट बाय दोन फुटांचे, कसेही फिरवा, कसेही जोडा. ही कल्पना जुनी आहे. प्रशियात राइसवित्स नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजा फ्रीड्रिश विल्हेल्म तिसरा याला युद्धाचा एक खेळ भेट दिला. तो कपाटासारखं टेबलच होता, आणि त्याची रणभूमी चिनी मातीच्या चौकोनी फरश्यांची होती. फरश्यांवर नद्या, रस्ते, गावं उठावात रंगवलेली, आणि त्या हव्या तशा मांडून दर वेळी नवा प्रदेश तयार व्हायचा. म्हणजे सीताबर्डीच्या लढाईच्या पाचच वर्षं आधी युरोपातला एक माणूस माझ्याच प्रश्नाशी झगडत होता: वेगवेगळ्या तुकड्यांवरची जमीन एकमेकींना जुळवायची कशी?

हे जुळवणं मला फार आवडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिले दोन तुकडे मी नजरेने केले. एकाची कड डावीकडे उंच, उजवीकडे उतरती. दुसऱ्याचीही तशीच. दोन्ही सारखे आहेत म्हणजे जुळतील असं वाटलं. समोरासमोर ठेवले तर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या सखल भागासमोर. कारण साधं आहे. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की माझा डावा हात तुमच्या उजव्या हातासमोर येतो. कडेचा चढ मध्यरेषेच्या एका बाजूला जसा, हुबेहूब तसाच दुसऱ्या बाजूला असेल तरच कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला, कसाही फिरवून, लागतो. मग मी पुठ्ठ्याची दोन फुटी पट्टी घेतली, मधोमध दुमडली आणि आकाशकंदिलाच्या करंज्या कापतो तशी दुमडलेलीच कापली. उघडली तेव्हा साचा तयार: कोपऱ्यापासून चार इंच सपाट, चार इंचांत चढ, मधे आठ इंच माथा, पुन्हा चार इंचांत उतार, चार इंच सपाट. चढाची कड असेल तिथे हाच साचा, नसेल तिथे कड पूर्ण सपाट. तिसरा प्रकार नाही. हा पुठ्ठा आता इतका मळलाय की काठ गोल झालेत, पण त्याच्यावरून नवा कापून ठेवलाय.

कडा अशा बांधून घातल्या की तुकड्याच्या आत काय करायचं ते तुमच्या मर्जीवर. आत कडा तुटू द्या, घळ पाडा, वर देऊळ बांधा. काठाशी मात्र शेजारधर्म पाळायचा.

आणि सगळ्या तुकड्यांचा तळ एकाच पातळीला हवा. एक मिलिमीटरचा फरकही बोटाला लागतो. हे करताना मला झीरो माइलची आठवण आली. १९०७ सालचा तो दगडी खांब आपण जाता-येता बघतो आणि भारताचा मध्य म्हणून पाहुण्यांना दाखवतो. पण तो सर्वेक्षण खात्याचा उंचीचा खुणेचा दगड आहे. तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! पूर्वी मी हा आकडा मुलांना सामान्यज्ञान म्हणून सांगायचे. आता माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा तुकडे मांडून त्यांची पातळी बघताना, उन्हातान्हात दुर्बिणीतून पातळी घेणाऱ्या त्या माणसांची मला मनापासून कदर वाटली. कुठली तरी एक उंची पक्की धरल्याशिवाय बाकी काहीच मोजता येत नाही.

त्या खांबापाशी उभं राहून मी बर्डीच्या टेकडीकडे पाहिलं. रोज तिच्या पायथ्यावरून जाते, पण बघितली नव्हती. नागपूर सपाट आहे असं आपण सगळेच म्हणतो. पुण्याचे लोक म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. सायकल चालवणाऱ्याला विचारा. सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळ्याकडचा उतार, टेकडी गणपतीला पायी जाताना पिंडऱ्यांना लागणारा ताण, हे सगळं पायांना माहीत असतं. स्कूटरचा कान पिळला की आपण ते विसरतो. बर्डी हा शब्दसुद्धा माझ्या कानाला बरड जमिनीच्या जवळचा वाटतो. दोन गवळी भावांच्या नावावरून नाव पडलं अशीही गोष्ट सांगतात.

आता उताराचं. शिपायाच्या पायाखाली २५ मिलिमीटरची गोल चकती असते. उतार जरा कलता झाला की धातूचा शिपाई हळूहळू घसरत खाली येतो. म्हणून खेळाच्या टेकडीला पायऱ्या ठेवाव्या लागतात, चकती मावेल एवढ्या रुंद. पण पायऱ्यांची टेकडी खरी दिसत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून मी प्लास्टर लावून पायऱ्या बुजवल्या. गुळगुळीत, गोलसर उतार केले आणि हिरवा रंग दिला. परदेशी चित्रांत असतात तशा मेंढ्या चरतील अशा टेकड्या झाल्या. मुलांना आवडल्या. मला मात्र काहीतरी खुपत होतं.

मे महिन्यात एका सकाळी सहा वाजता सेमिनरी हिल्सवर फिरायला गेले होते. गवत जळून गेलेलं, झाडं निष्पर्ण, टेकडीचा सांगाडा उघडा पडलेला. आणि त्या सांगाड्याला पायऱ्या होत्या. काळ्या दगडाची एक पट्टी, मग मुरमाचा उतार, पुन्हा दगडाची पट्टी, पुन्हा मुरूम. मी तिथेच खाली बसले. हे तर मी दर वर्षी शिकवते! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचं पठार झालं. आपलं नागपूर त्याच्या पूर्वेच्या काठावर. या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. दोन थरांच्या मधे कधी तळ्यांचा गाळ साचला आणि त्यात जीवाश्म राहिले. आपल्या टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच शोधले. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, तेच हे. थर, पायऱ्या, काठ, सगळं मला पाठ होतं आणि माझ्या हातांनी मेंढ्यांची टेकडी केली होती.

घरी आले आणि प्लास्टर खरवडून काढलं. दोन दिवस लागले.

बेसाल्टची कड सुरीने कापून होत नाही. सुरीने अर्धा काप घ्यायचा आणि उरलेला भाग बोटांनी मोडायचा. मोडलेला फोम खडबडीत, दाणेदार दिसतो. मग सेमिनरी हिल्सवरूनच आणलेला एक मुठीएवढा दगड घेऊन त्या कडेवर दाबत फिरवायचा. दगडाची कातडी फोमवर उमटते. त्यावर जुन्या बॉलपेनने उभ्या भेगा ओढायच्या, पण सरळ रेषेत नाही आणि सारख्या अंतरावर तर मुळीच नाही. पायरीचा वरचा भाग मात्र सपाट. तिथे फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून लावायचं आणि मुरूम भुरभुरवायचा. मुरूम आधी चहाच्या गाळणीने चाळून, जुन्या तव्यावर कोरडा भाजून घ्यायचा, म्हणजे त्यातली ओल जाते आणि किडेही. भाजताना पहिल्या पावसासारखा वास येतो. काकू विचारतात, "काय करून राहिली वो?" मी सांगते, "माती भाजते आहे." त्यांना ते पटतं. आमच्या गल्लीत मी आता या कामाची म्हणून ओळखली जाते.

रंगाचा निर्णय लढाईच्या तारखेने केला. २६ नोव्हेंबर १८१७. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी गवत कसं असतं? पावसाळ्यातलं हिरवं गेलेलं, उन्हाळ्यातलं जळकं अजून यायचं. कमरेएवढं, पिकलेल्या गव्हाच्या रंगाचं, मुळाशी किंचित हिरवट. तसं गवत बाजारात मिळेना. मग माळ्यावर टाकलेल्या कूलरच्या जुन्या ताट्या आठवल्या. लाकडाच्या बारीक साली, दोन उन्हाळे पाणी पिऊन नेमक्या त्या रंगाला आलेल्या. कात्रीने कापून चिमटीने चिमूटचिमूट चिकटवल्या. नागपूरच्या टेकडीला नागपूरच्या कूलरचं गवत. दगडाला आधी काळा रंग, मग ब्रश जवळजवळ पुसून कोरडा करून करड्या रंगाचा हलका हात, म्हणजे फक्त उंच कण उजळतात आणि भेगा काळ्याच राहतात.

नुकसानही झालं. एका दुकानदाराने खात्रीने दिलेला स्प्रे मी पहिल्या तुकड्यावर मारला आणि डोळ्यांदेखत फोम खंगत गेला. वितळलाच. स्प्रेमधलं द्रावक फोम खातं, हे त्याला माहीत नव्हतं की सांगायचं राहिलं, देव जाणे. आता आधी फेव्हिकॉल आणि काळ्या रंगाचे दोन हात ब्रशने देते. दुसरं जुलैत झालं. तळाला लावलेलं पातळ प्लाय पावसाळी हवेत पापडासारखं वाकलं, कारण रंग फक्त वरून दिला होता. दोन्ही बाजूंनी रंगवलं की वाकत नाही.

मापाचाही एक प्रश्न होता. २८ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे साधारण १:५६ हे प्रमाण. त्या प्रमाणात तीस मीटरची टेकडी जवळपास ५४ सेंटिमीटर उंच करावी लागेल, आणि शंभर मीटर अंतर पावणेदोन मीटरहून जास्त भरेल, म्हणजे टेबलाच्या रुंदीबाहेर. म्हणून शिपायांचं प्रमाण एक आणि जमिनीचं दुसरं ठेवावं लागतं. हे स्वीकारायला मला वेळ लागला. नकाशा शिकवणाऱ्या बाईला दोन प्रमाणं एकाच टेबलावर सोसवत नाहीत. पण शेवटी खेळात महत्त्वाचं असतं ते काय दिसतं, काय लपतं आणि कुठून किती वेळात पोचता येतं. तेवढं खरं राहिलं की बाकी सोडता येतं.

लढाई थोडक्यात अशी. अप्पासाहेब भोसल्यांची फौज, इंग्रजांच्या नोंदींनुसार सुमारे अठरा हजार. समोर कंपनीचे चौदाशेच्या आसपास लोक, लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली, मोठ्या आणि छोट्या अशा दोन टेकड्यांवर. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्स तिथेच. संध्याकाळी गोळागोळी सुरू झाली ती रात्रभर. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथल्या तोफेचं तोंड मोठीकडे वळवलं. त्या घटकेला कंपनीचा खेळ जवळपास संपला होता. मग फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात चाल केली आणि थोड्याच वेळात छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात कंपनीच्या पायदळाने टेकडी परत घेतली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सगळं आटोपलं, नागपूरचं राज्य खरं तर तिथेच गेलं.

आमच्या टेबलावर पहिल्या तीन रविवारी असं काहीच होईना. मी मोठी टेकडी केली, छोटी टेकडी केली आणि मधे सपाट तुकडा ठेवला. मोठी टेकडी घेतलेला खेळाडू छोटीकडे बघतही नव्हता. छोटी गेली तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. भाचा चिडला. "आत्या, मग त्यायनं छोटी टेकडी काहून घेतली असन?"

मी पुन्हा जुनी वर्णनं वाचली. दोन्ही टेकड्यांमधे सपाटी नव्हती. एक सखल, अरुंद, खडकाळ मान होती, दोन्हींना जोडणारी. मी दोन टेकड्या केल्या होत्या आणि त्यांना एक करणारी जागाच गाळली होती. मग तो तुकडा केला. दोन समोरासमोरच्या कडा चढाच्या साच्यातल्या, बाकीच्या दोन सपाट, मधे खांदे उतरून पुन्हा चढलेले. सगळ्यात कमी उंचीचा तुकडा आणि त्याला सगळ्यात जास्त दिवस लागले. तो मधे बसवला आणि चौथ्या रविवारी छोटी टेकडी पडताच मोठीवरचा खेळाडू खुर्चीतून उठून उभा राहिला. मान ओलांडून अरब शिपाई पायरी-पायरीने वर येत होते आणि मोठीवरून खाली बघितलं तर मानेचा अर्धा भाग तिच्याच खांद्याआड लपलेला. दारू उडायचा नियम आम्ही ठेवलाय, दोन फाशांवर दोन्ही सहा पडले तरच. त्या दिवशी पडले नाहीत. भाच्याने भोसल्यांना जिंकवलं आणि बराच वेळ कुणी टेबलावरचं काही हलवलं नाही.

गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे आले होते. वय ब्याऐंशी. टेकडी मांडलेलीच होती. काठी टेकत ते टेबलाभोवती फिरले, एक पूर्ण फेरी, कुठेही न थांबता. मग दुसरी फेरी, सावकाश. मला वाटलं कड्यांबद्दल काही बोलतील, निदान गवताबद्दल तरी. ते मानेच्या तुकड्यापाशी वाकले, चष्मा वर केला आणि बोट ठेवलं.

"दोन्ही टेकड्यांचं पाणी इथं उतरणार. मग हितनं ते जातंय कुठं?"

मी बघत राहिले. मानेच्या दोन्ही अंगांना मी मुरूम अगदी एकसारखा पसरला होता. ओघळ नव्हता, घळ नव्हती, पाण्याने दगड धुतल्याची खूणही नव्हती. बाबांनी बोटानेच एक वळण काढून दाखवलं, मानेवरून तिरकं, पहिल्या पायरीला वळसा घालून, खालच्या सपाट कडेपर्यंत.

मी त्यांच्या बोटामागून पेन्सिलीने रेघ ओढली. मग चहाचा चमचा गॅसवर धरला.